पासवर्डचा मधला भाग

माझ्या रंगाच्या दुकानावर आजवर एकही सायबर हल्ला झालेला नाही. जो झाला तो मी स्वतः केला, सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, पूर्ण शुद्धीत. साक्षीदार चार होते. त्यांतला एक चष्म्याचा दुकानदार असल्यामुळे कोणाला नीट दिसलं नाही असं म्हणायचीही सोय नाही.

सुरुवात या चष्मेवाल्यांपासूनच करायला हवी. त्यांचं दुकान आमच्या बरोबर समोर. दोन महिन्यांपूर्वी त्यांना ई-मेल आली की तुमचं पार्सल अडकलं आहे, सोडवण्यासाठी इथे दाबा. त्यांनी कुठलंही पार्सल मागवलेलं नव्हतं. पण आपलं काहीतरी कुठेतरी अडकलेलं आहे ही भावना त्यांच्या मनात चाळिशीपासूनच घर करून होती, म्हणून त्यांनी दाबलं. पाच मिनिटांत अठरा वर्षांच्या गिऱ्हाइकांचे सगळे नंबर कुलूपबंद झाले आणि पडद्यावर लाल अक्षरांत खंडणीची मागणी आली. पुढचे दोन आठवडे ते रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की त्याला थांबवून, ‘तुमचा डावा किती होता हो?’ असं विचारत होते.

ते पाहून माझं धाबं दणाणलं. रंगाच्या दुकानात चोरण्यासारखं काय असतं, असं कोणालाही वाटेल. डबे जड असतात, चोर ते उचलणार नाही. पण रंग मिसळायच्या आमच्या यंत्राला जो कॉम्प्युटर जोडला आहे, त्यात सहा हजार चारशे बारा रंगांच्या कृती आहेत. कंपनीच्या कार्डावरचे रंग नव्हेत, ते कुठेही मिळतात. हे गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम जुळवलेले. कोणाला जुन्या दाराचा करडा हवा होता, कोणाला सासूच्या खोलीपेक्षा अर्धी छटा उजळ. चाळीस वर्षांत आधी माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, नुसत्या नजरेने आणि नंतर मी यंत्राने हे रंग जमवले. भिंतीचा पोपडा उडाला की माणूस त्याच रंगाच्या एका लिटरसाठी परत येतो आणि तो रंग जगात फक्त आमच्याकडे असतो. हेच आमचं दुकान. बाकी सगळं पत्र्याचे डबे आणि वास.

संरक्षण करायचं ठरल्याचं मी फक्त बायकोला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत सल्ले यायला लागले. शेजारचे झेरॉक्सवाले म्हणाले, पासवर्ड दर शनिवारी बदला आणि कुठेही लिहून ठेवू नका. चष्मेवाल्यांनी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायला सांगितली. आमच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही हे कळल्यावर ते म्हणाले, मग जिथे असता तिथे लावा. वरच्या मजल्यावरच्या आजींनी रोज दुकान बंद करताना वायर उपसायला सांगितलं. माझ्या मेव्हण्याच्या मते हल्ला फोनमधून येतो, तेव्हा फोन लोखंडी डब्यात ठेवावा. मी दोन दिवस तो प्रायमरच्या रिकाम्या डब्यात झाकण लावून ठेवला. हल्ला आला नाही. चौदा गिऱ्हाइकांचे फोनही आले नाहीत.

शेवटी मी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. चामडी बॅग घेऊन घरोघर जातात आणि मशीनकडे पाहून आधी मान हलवतात, म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. त्यांनी मान हलवली आणि दोन कुलपांची व्यवस्था सुचवली. रोजच्या कामाला छोटा पासवर्ड. तो तीनदा चुकला, की कोणीतरी परका शिरतो आहे असं समजून कॉम्प्युटर सगळ्या कृती एका तिजोरीत कोंडून टाकणार. ती तिजोरी फक्त मोठ्या पासवर्डने उघडणार. मोठा पासवर्ड पाचदा चुकला तर तीन दिवस कोणालाच काही करता येणार नाही.

इथपर्यंत योजना डॉक्टरांची होती. पुढची माझी. मी विचार केला, मोठा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असणं धोक्याचं. म्हणून त्याचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाने आपला भाग स्वतः ठरवून स्वतःपाशी ठेवायचा. मालक तिघं: बायको, दादा आणि मी. बायको कॉम्प्युटर उघडते म्हणून पहिला भाग तिचा, शेवटचा माझा, मधला दादाचा.

दादा गुडघ्यांमुळे चार वर्षांपूर्वी दुकान सोडून मुलीकडे राहायला गेला. तिचं गाव बसने सव्वातीन तासांवर. आता तो फक्त कागदोपत्री भागीदार. मधला भाग हे ऐकल्यावर तो फोनवर, थोरल्याला मधला, एवढंच म्हणाला. मी त्याला समजावलं की सँडविचमध्ये महत्त्वाचं जे असतं ते मधेच असतं. त्यावर तो म्हणाला की त्याला सँडविच सोसत नाही.

तरीही त्याने भाग ठरवला आणि कॉम्प्युटरमध्ये घालायला मुद्दाम एक दिवस येऊन गेला. बिघडलं ते पुढच्या आठवड्यात. डॉक्टर सहज म्हणाले होते की सगळ्यात आधी फुटतो तो कागद. कोणीही फोटो काढू शकतो. कागद म्हणजे आमच्याकडे दादाच्या हस्ताक्षरातली चार रजिस्टरं. यंत्र येण्याआधीच्या सगळ्या कृती त्यांत होत्या. कॉम्प्युटरमध्ये त्या केव्हाच चढवल्या होत्या. मी चारही रजिस्टरं पाण्याच्या बादलीत भिजत घातली आणि रंग ढवळायच्या काठीने त्यांचा लगदा केला. मग कर्तव्य म्हणून दादाला कळवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हवापाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्यानंतर अठरा दिवस त्याचा फोन नव्हता. माझाही नव्हता, कारण चूक माझी नव्हती. ती सुरक्षेची उपाययोजना होती.

आता सोमवार.

अकरा वाजून पाच मिनिटांनी रंगाऱ्यांचे मुकादम आले. हे गृहस्थ सतरा वर्षं आमच्याकडूनच रंग नेतात. आमच्या दुकानाचं निम्म्याहून अधिक काम त्यांच्या जोरावर चालतं. लहान मुलांच्या एका नव्या दवाखान्याचं काम त्यांनी घेतलं होतं. तिथल्या बाईंना मुलं घाबरणार नाहीत असा हिरवा हवा होता. मुकादमांनी तीनदा नमुने नेले तेव्हा कुठे तो जमला. कृती क्रमांक ४४१७. शनिवारी वीस लिटर नेला होता. पण गिलावा नवा, भिंतीने जास्त रंग प्यायला. समोरची भिंत अर्धी हिरवी आणि अर्धी पांढरी राहिली. मंगळवारी सकाळी नऊला परवाना देणारा अधिकारी पाहणीला यायचा होता.

“शेठ, दहा लिटर. तीनच्या आत द्या,” मुकादम म्हणाले. “तीनला हात लागला तर सकाळपर्यंत वाळेल. नाहीतर चौकातल्या मोठ्या दुकानातून दुसरा रंग आणून सगळी खोली मारावी लागेल. आणि एकदा तिकडे गेलो की तिकडचाच झालो, हे तुम्हालाही कळतं.”

हे त्यांनी धमकीच्या सुरात सांगितलं नाही, वेळापत्रकाच्या सुरात सांगितलं. त्यामुळे ते जास्त लागलं.

मी म्हटलं दहा मिनिटं द्या, आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. छोटा पासवर्ड मी शनिवारी बदलला होता, झेरॉक्सवाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे. लिहून ठेवला नव्हता, तोही त्यांच्याच सल्ल्याप्रमाणे. पहिल्यांदा मी मागच्या आठवड्याचा घातला. दुसऱ्यांदा त्याच्या मागच्या आठवड्याचा. तेवढ्यात बायको मुकादमांसाठी आणि गप्पा मारायला आलेल्या झेरॉक्सवाल्या-चष्मेवाल्यांसाठी चहा घेऊन आली आणि म्हणाली, थांबा, आठवू दे. मला दहा मिनिटांची मुदत पाळायची होती. मी थांबलो नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी पडदा काळा झाला आणि एक तिजोरीचं चित्र आलं. तिचं दार सावकाश बंद झालं. डॉक्टरांनी त्याला आवाजही ठेवला होता.

“भावोजींना फोन लावा,” बायको म्हणाली.

मी म्हटलं, आधी डॉक्टरांना लावतो.

डॉक्टर फोनवर मिळाले आणि ऐकून खूश झाले. म्हणजे व्यवस्था चालते, म्हणाले. उघडून द्या म्हटल्यावर त्यांनी मला आठवण करून दिली की ही तिजोरी तुम्हालाही उघडता येऊ नये अशी करा, अशी माझीच अट होती. तशी त्यांनी केली होती. पेनड्राइव्हवर ठेवलेल्या प्रतीलाही तेच कुलूप होतं. एवढी कडेकोट व्यवस्था त्यांनी दुसऱ्या कोणाकडे केलेली नव्हती आणि ती ते इतर गिऱ्हाइकांना दाखवायला आणणार होते.

मग मी यंत्राच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. कृती शेवटी यंत्राच्या, आणि यंत्र त्यांचं. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. फार सभ्य होत्या. त्यांनी नोंदणीकृत ग्राहकाला फोनवर द्यायला सांगितलं. यंत्र अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या नावावर घेतलेलं. मी सांगितलं, ते नऊ वर्षांपूर्वी वारले. बाईंनी मनापासून दुःख व्यक्त केलं आणि म्हणाल्या, मग तसं त्यांच्या नोंदणीकृत ई-मेलवरून कळवायला सांगा. मी विचारलं, कोणाला सांगू? त्या म्हणाल्या, ग्राहकाला. पुढे आमच्यात जे बोलणं झालं त्यातून एवढंच निष्पन्न झालं, की सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबायचं होतं.

बारा वाजून पन्नास मिनिटं. अजूनही दुकानात आम्ही दोघं, मुकादम, झेरॉक्सवाले आणि चष्मेवाले. झेरॉक्सवाल्यांनी आपलं दुकान बंद करून पाटी लावली होती: शेजारी आहे. चष्मेवाले तर आल्यापासून स्टुलावर बसून अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहत होते, जसं वॉर्डातला जुना रोगी नव्याकडे पाहतो.

“भावोजींना फोन लावा,” बायको पुन्हा म्हणाली.

मी म्हटलं, एवढ्या-तेवढ्यासाठी त्याला कशाला त्रास? भाऊ आहे माझा, त्याने काय ठेवलं असेल ते मला कळायला हवं.

इथे मोठ्या पासवर्डचे नियम सांगायला हवेत. ते मी स्वतः लिहिले होते, संख्येने सात. झेरॉक्सवाल्यांकडून प्लास्टिकच्या आवरणात घालून घेतले होते आणि त्यांची एक प्रत दादाला कुरियरने पाठवली होती. तिसऱ्या नियमाप्रमाणे एकजण आपला भाग टाइप करत असताना इतरांनी भिंतीकडे तोंड करायचं. त्यामुळे बायको टाइप करायला बसली की आम्ही चार पुरुष शाळेत शिक्षा झाल्यासारखे डब्यांच्या मांडणीकडे तोंड करून उभे राहायचो. मग मी बसायचो, दादाचा मधला भाग अंदाजाने घालायचो, माझा शेवटचा घालायचो.

पहिल्यांदा दादाची जन्मतारीख घातली. चूक. दुसऱ्यांदा त्याच्या जुन्या स्कूटरचा नंबर. चूक. तिसऱ्या वेळी पुतणीचं नाव. चूक. चौथ्या वेळी चष्मेवाले म्हणाले की माणूस नेहमी सोपं काहीतरी ठेवतो, एक दोन तीन चार घालून बघा. त्यांच्या सांगण्यावरून कुठे काही दाबू नये हे मला कळायला हवं होतं. पडद्यावर अक्षरं आली: एक संधी शिल्लक.

मुकादमांनी खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. दीड वाजला होता.

मला अजूनही फोन करायचा नव्हता. मी म्हटलं, दादा नजरेने रंग जमवायचा, मी का नाही? शनिवारच्या डब्याचं झाकण मुकादमांपाशी होतं, त्याला रंग लागलेला. ते समोर ठेवून मी वीस मिनिटांत तीन हिरवे तयार केले. पहिला उकडलेल्या वाटाण्याचा झाला. दुसरा बाकाचा, सरकारी कचेरीतल्या. तिसरा बराच जवळ गेला, असं मला वाटलं. मुकादमांनी काठीला लावून तो उजेडात नेला, फिरवला आणि परत आणला.

“शेठ, हा पाहून मोठी माणसंही घाबरतील.”

बायकोने मग माझा फोन माझ्यापुढे ठेवला. एक वाजून बावन्न मिनिटांनी मी दादाला फोन लावला.

त्याने उचलला. मी आधी तब्येत विचारली. बरी आहे म्हणाला. मग मी म्हटलं, दादा, तुझा मधला भाग जरा सांग, फार घाई आहे.

मागे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग तो वाचायला लागला, चष्मा लावून वाचल्यासारखा, एकेक शब्द सुटा.

“नियम एक. फोनवर कोणालाही भाग सांगू नये. आवाज ओळखीचा वाटला तरीही नाही. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल होते. नियम दोन. समोरचा घाई करत असेल तर तो भामटा समजावा.”

“दादा, ते मीच लिहिलंय.”

“ज्याने लिहिलंय तो माझा भाऊ आहे,” दादा म्हणाला. “त्याला अठरा दिवसांत माझी तब्येत विचारावीशी वाटलेली नाही. तुम्ही पहिल्या वाक्यात विचारलीत.” आणि त्याने फोन ठेवला.

मला तो अहो-जाहो म्हणाला होता.

एवढ्यावर थांबता तरी बरं. दोन मिनिटांनी बायकोचा फोन वाजला. दादाच होता, तिला सावध करायला. तुझ्या नवऱ्याच्या आवाजात कोणीतरी फोन करतंय, दुकानातून बाहेर पडू नकोस, म्हणाला. तिने शपथेवर सांगितलं की ते खरोखर हेच आहेत, माझ्यासमोर उभे आहेत, वाटाण्याच्या रंगाने हात माखलेत. दादाने पाचवा नियम वाचून दाखवला: घरातलं माणूस हमी देत असेल तर त्याच्यावर दबाव असू शकतो. दबाव आहे का, असं त्याने तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून आहे, पण तो वेगळा. त्यावर दादा हसला म्हणे. मग म्हणाला की सहाव्या नियमाप्रमाणे तो एक प्रश्न विचारेल, ज्याचं उत्तर खऱ्या भावालाच माहीत असेल. फोन मी माझ्या नंबरावरून करायचा आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवायचा, म्हणजे कोणी मागून सांगतंय का ते कळेल.

दोन वाजून एकवीस मिनिटांनी मी फोन लावला आणि काउंटरवर ठेवला. मुकादम पुढे झाले. झेरॉक्सवाल्यांनी पंखा बंद केला.

“प्रश्न ऐका,” दादा म्हणाला. “बाबांच्या वेळी दुकानाच्या पायरीवरून लाल ऑक्साइडचा ड्रम घरंगळला होता. त्याचं झाकण कोणी उघडं ठेवलं होतं?”

ही गोष्ट एकेचाळीस वर्षांपूर्वीची. मी पंधरा वर्षांचा होतो, दादा एकवीसचा. ड्रम पायरीवरून उतारावर गेला, उतारावरून कोपऱ्यावर, आणि कोपऱ्यावर बँकेच्या मॅनेजरची पांढरी गाडी उभी होती. गाडी आणि पन्नास फूट रस्ता लाल झाला. वडील बाहेर आले तेव्हा दादा ड्रमच्या मागे धावत होता आणि मी आत होतो. वडिलांनी जो दिसला त्याला धरलं. दुसऱ्या दिवशी दादाची चित्रकलेच्या कॉलेजात मुलाखत होती, दुसऱ्या गावी. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस त्याने रॉकेल आणि चिंध्या घेऊन रस्ता घासला. मुलाखत पुन्हा झाली नाही. तो दुकानात आला आणि सदतीस वर्षं इतरांच्या भिंतींचे रंग जमवत राहिला.

घरात हा विषय निघाला की मी म्हणायचो, ड्रम आपोआप घरंगळला. झाकण पहिल्यापासून सैल होतं. हे मी वडिलांना सांगितलं, आईला सांगितलं, बायकोला लग्नानंतर सांगितलं. दादाला तर दरवेळी सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की ते झाकण सैल असल्याचं मला डोळ्यांसमोर दिसायचं.

मी घड्याळाकडे पाहिलं. एकोणचाळीस मिनिटं. एक संधी. सतरा वर्षं टिकलेले मुकादम. आता खोटं बोलण्याची चैन परवडणार नव्हती.

“मी,” मी म्हणालो. “झाकण मी उघडं ठेवलं होतं. ड्रमलाही पाय माझाच लागला.”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. फोन तुटला की काय म्हणून मी वाकून पाहिलं. चालू होता.

“उत्तर चुकलं,” दादा म्हणाला. “माझा भाऊ हे मरेपर्यंत कबूल करणार नाही.” आणि त्याने ठेवून दिला.

एकेचाळीस वर्षांनी मी एकदा खरं बोललो, चार माणसांसमोर, आणि ते अमान्य झालं. मला काय वाटलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा वाटून घ्यायला कोणाला वेळ नव्हता. मुकादम म्हणाले, शेठ, दोन चोवीस. झेरॉक्सवाले म्हणाले की त्यांच्याकडे एक ओळखपत्र स्कॅन करून पाठवता येईल. चष्मेवाले मात्र माझ्याकडे पाहत होते आणि त्या नजरेत लाल गाडी होती.

“अहो,” बायको म्हणाली, “माझ्या फोनवरून लावा आणि नाही म्हणा.”

“म्हणजे?”

“म्हणजे नेहमीचं सांगा. जे मला सत्तावीस वर्षं सांगताय ते.”

मी म्हटलं, आत्ताच मी खरं बोललोय. सगळ्यांच्या देखत. ते परत कसं घेऊ? माझी काही किंमत आहे की नाही?

“किंमत नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी भिंत.”

तिच्या फोनवर दादाने लगेच उचललं. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मी डोळे मिटले.

“दादा, किती वेळा सांगायचं?” मी म्हणालो. “ड्रम आपोआप घरंगळला. झाकण पहिल्यापासूनच सैल होतं.”

“हां,” दादा म्हणाला. “हा माझा भाऊ.”

पण भाग त्याने मला सांगितला नाही. नियम नियम असतात, म्हणाला. फोन बायकोला दे, ती टाइप करेल, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करा. आम्ही चौघं वळलो. माझ्या नाकासमोर एनॅमलचे अर्धा लिटरचे डबे होते, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. बायकोने आधी स्वतःचा भाग घातला. मग फोन कानाला लावून दादाचा. तो एकेक अक्षर सांगत होता आणि ती एकेक दाबत होती. मी मोजत होतो. अकरा वेळा कळ वाजली. सातव्यानंतर ती थांबली, हळूच म्हणाली, “मोठं की लहान?” आणि माझ्या पाठीवरून घामाचा एक ओघळ थेट खाली गेला. मग आठवी वाजली.

“या,” ती म्हणाली.

मी बसलो. माझा भाग सहा अक्षरांचा. माझ्या बोटांना हिरवा लागलेला होता म्हणून मी एकाच बोटाने टाइप केलं आणि प्रत्येक अक्षर दाबायच्या आधी ते तोंडाने पुटपुटलो, त्यामुळे सातही नियमांचा उद्देश फसला. आता माझा भाग झेरॉक्सवाल्यांना पाठ आहे. शेवटचं अक्षर दाबून मी हात मांडीवर ठेवले. एंटरचा बाण दाबला बायकोने.

तिजोरीचं दार सावकाश उघडलं. आवाज यावेळीही होता.

दोन वाजून अडतीस मिनिटांनी यंत्राने ४४१७ची पहिली पिचकारी मारली. मुकादम पावणेतीनला दहा लिटर घेऊन गेले. जाताना पायरीवर थांबून त्यांनी डब्याचं झाकण अंगठ्याने दोनदा दाबून पाहिलं. सहा वाजता त्यांनी भिंतीचा फोटो पाठवला. जोड कुठे आहे ते फोटोत शोधून सापडलं नाही.

सात वाजता बायकोचा फोन वाजला. दादा होता. तिच्याशी गुडघ्यांबद्दल बोलला आणि मग तिने फोन मला दिला.

भिंत झाली का, विचारलं. झाली म्हटलं. हिरवा होता का? हिरवा. कशात कशात जुळवलास? मी कृती वाचून दाखवली. काळा एक थेंब जास्त आहे, म्हणाला. पण दवाखान्याला चालेल.

मग तिकडे खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

“दुपारी तुझ्या नंबरावरून एक भामटा बोलत होता,” दादा म्हणाला.

“हो. ऐकलं मी.”

“सातव्या नियमाप्रमाणे तो नंबर ब्लॉक करायला हवा.”

“करायला हवा.”

“नाही केला,” दादा म्हणाला. “माणूस बरा वाटला. पुन्हा त्याचा फोन आला तर घेईन म्हणतो. आज जेवण उशिराच आहे इथे.”

त्याने फोन ठेवला. बायको काउंटर पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली की मागच्या खोलीतला दिवा लागत नाही, पण बोलायला काही दिवा लागत नाही.

मी माझा फोन घेतला आणि मागे गेलो. डब्यांच्या मधे एक उलटी बादली होती, तिच्यावर बसलो. लावला. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजायच्या आत त्याने उचलला.